पंधरा शुक्रवार

“‘आता तूच सांग आई. आणखी दोन वर्षांची सही करू, का घरी येऊ? तू म्हणशील तसं करीन. तुझा गेनू.’ झालं मावशी, एवढंच हाय,” असं म्हणून मी कागद धोंडाबाईंच्या हातात दिला.

एरवी त्या कागद पोलक्यात खोवून लगेच कपबशा गोळा करायला लागत. त्या दिवशी टेबलाची कड धरून उभ्याच राहिल्या. मला वाटलं होतं, पोरगा परत येऊ का म्हणून विचारतोय म्हटल्यावर बाई हरखून जाईल. पण त्या म्हणाल्या, असं एकदम कसं सांगू, भावाला एक शब्द विचारते आणि पुढच्या शनिवारी उत्तर देते. मी म्हटलं, बरं. घाई काय होती? गेनूचा करार दिवाळीपर्यंतचा होता आणि तेव्हा जून उजाडला होता.

हे आमचं दर शनिवारचं होतं, दुपारी चारच्या चहाला. किकवीच्या पुढे हायवेला लागून आमचा कारखाना आहे, शेतातल्या फवारणीचे पंप बनवणारा. मी तिथे ऑफिसात, आधी टायपिस्ट होते, कॉम्प्युटर आल्यावर ऑपरेटर झाले, पगार तोच राहिला. धोंडाबाई कँटीनमध्ये. भाटघर धरणाच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा कधीच गेलेला, घरात दुसरं कुणी नाही आणि एकुलता एक गेनू मस्कतला गवंडीकामावर. त्याच्या कॅम्पसमोर केरळच्या एका माणसाचं इंटरनेटचं दुकान होतं. हा माणूस पूर्वी पुण्यात बेकरीत होता, त्यामुळे त्याला मराठी कळायचं. शुक्रवारी तिकडे सुट्टी. गेनू शुक्रवारी त्याच्यापुढे बसून तोंडी सांगायचा, तो इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचा आणि दुकानाच्या पत्त्यावरून आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल सोडायचा. मी शनिवारी छापून वाचून दाखवायची. धोंडाबाई सांगतील ते उत्तर लगेच टाइप करायची. मालकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको. भोरच्या बाजारात मी तागडीखाली हात घालून बघते. एसटीचं तिकीट दोनदा वाचते. माझा नवरा शाकिर टेम्पो चालवतो, तो कुठे कुठे थांबला हे मी त्याच्या चपलेच्या चिखलावरून ओळखते. तो म्हणतो, “तुला जन्नतच्या दारात उभी केली तरी तू आधी विचारशील, हितं कुलूप कोण लावतं?” हसायला त्याचं काय जातंय. माझा थोरला भाऊ अन्वर अठ्ठ्याऐंशी साली सौदीला गेला. वर्षभर त्याची पत्रं आली, मग अर्ध्या पानाची आली, मग बंद झाली. अम्मी मला समोर बसवून लिहून घ्यायची, ‘बाळा, एकदा तोंड दाखव.’ अशी अकरा पत्रं मी माझ्या हातानं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. पुढे कळलं, तिकडेच निका लावून भाऊसाहेब मजेत होते. अम्मीला ते कळायच्या आत ती गेली, एवढंच बरं झालं.

तर दोन हजार चारचा तो उन्हाळा. सकाळी ऑफिसची मेल उघडली की तीनशे-चारशे मेल पडलेल्या असत, आणि त्यात कामाच्या दहा-बारा. बाकी सगळी घाण. कसली कसली औषधं, न काढलेल्या लॉटरीची बक्षिसं, कुठल्याशा मेलेल्या मंत्र्याची विधवा, आणि नागडे फोटो. माझी पाठ सगळ्या ऑफिसकडे. पडदा उघडला की मागून कुणीतरी खाकरायचं, कुणी उगाच पेन पाडायचं. मी ओढणी सारखी करत एकेक मेल पुसत बसायची आणि मनात जळफळत राहायची. आपला पत्ता ह्या लोकांना दिला कुणी? माझा वहीम गेला चिमाजींवर. हिशेब बघणारे कारकून, जेवणाच्या सुट्टीत एकटेच आत बसायचे. मी सगळ्यांसमोर विचारलं. त्या गरीब माणसाला कॉम्प्युटर चालू कसा करतात हेही माहीत नव्हतं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी मात्र त्या महिन्यातही त्यांच्यावर डोळा ठेवून होते.

शेवटी मालकांच्या पुतण्यानं, स्वरूपनं, उपाय काढला. तो पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो आणि आमचा सर्व्हर त्यानंच बसवलेला. त्यानं मला समजावलं ते असं. प्रत्येक मेल ज्या यंत्रावरून सुटते त्या यंत्राला एक नंबर असतो. परदेशात काही लोक घाण पाठवणाऱ्या यंत्रांच्या नंबरांची यादी ठेवतात, रोज नवे नंबर चढवतात. आपला सर्व्हर आता आलेल्या मेलला दारातच नंबर विचारणार. नंबर त्या काळ्या यादीत असला की आल्या पावली परत. आपल्याला ती दिसणारसुद्धा नाही. चौदा जूनला, सोमवारी, त्यानं ते सुरू केलं.

मंगळवारी सकाळी मी मेल उघडली. अकरा मेल. अकराच्या अकरा कामाच्या. मी खुर्चीला पाठ टेकून बसले आणि, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. बाईमाणसाला चारचौघांत रोज सकाळी मान खाली घालून बसावं लागतं म्हणजे काय असतं ते त्या स्वरूपला नाही कळायचं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा डोळे झाकून कशावर तरी विश्वास टाकला, आणि तो त्या यादीवर. ती यादी करणारे लोक कोण, कुठले, नंबर चढतो कसा, चुकून चढला तर उतरवतं कोण, एक प्रश्न विचारला नाही. भाजीवाल्याच्या तागडीखाली हात घालणारी मी.

त्या शनिवारी गेनूची मेल आली नाही. धोंडाबाई उत्तर घेऊन आल्या होत्या. भावानं सांगितलं होतं, पोराला घरी आण, पुरे झालं परदेश. मी म्हटलं, पत्र आलं की लगेच त्याला उत्तर लिहू, पत्राशिवाय उत्तर कसलं? आमचा तसा शिरस्ताच होता. त्यांनाही ते पटलं. एखादा शुक्रवार राहिला असेल, पोरगं कामाच्या गडबडीत असेल.

मग दुसरा शनिवार गेला, तिसरा गेला. त्या साली श्रावण अधिक होता, त्यामुळे आषाढ सरला तरी सणवार काही जवळ येईनात. धोंडाबाई आता शनिवारची वाट बघेनात. रोज चहा ठेवताना नुसत्या माझ्याकडे बघत. मी मान हलवली की पुढच्या टेबलाकडे जात. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकायला लागली होती. सही करू का विचारणारा पोरगा आणि विचारल्याबरोबर गप्प? म्हणजे सही केव्हाच केली असणार, आता आईला कुठल्या तोंडानं सांगणार? मी हे सगळं ओळखून होते. अन्वरचं शेवटचं पत्रही असंच होतं, लाडीगोडीचं. मी धोंडाबाईंना अन्वरची गोष्ट सांगितली. एकदा नाही, दोन-तीनदा सांगितली. म्हटलं, एकदा तिकडं रुळली की पोरं बदलतात मावशी, मन घट्ट करा. त्या कप विसळत राहिल्या, विसळलेलेच पुन्हा विसळले.

एकदा गेटवरचे रखमाजी आत आले. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, सगळ्या कारखान्यात धोंडाबाईंची चौकशी करणारे तेवढे एकच. मला म्हणाले, “बाई, तुमचं मशीनच बिघडलं नसंल कशावरनं?” मला राग आला. मी त्यांना पडदा दाखवला. आज चौदा मेल आल्यात, काल बारा आल्या, नाशिकच्या आल्या, इंदूरच्या आल्या. मशीन बिघडलं तर ह्या कुठून आल्या? रखमाजी पडद्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला दिसलं होतं. तरी मी तपासलं नाही.

गणपती बसल्यावरचा शनिवार, पंचवीस सप्टेंबर. धोंडाबाई चहा न घेताच आल्या. हात ओले होते, ते लुगड्याला पुसत म्हणाल्या, “त्यानं लिवलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आता तुमीच लिवा. म्हणावं, सही करू नगंस. दिवाळीला ये. म्या वाट बघती.”

मी मेल उघडली. दुकानाचा पत्ता मला पाठ होता. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि माझ्यासमोर अम्मी आली, ‘बाळा, एकदा तोंड दाखव’ म्हणणारी. अकरा पत्रं. तो अन्वर ती पत्रं वाचून दाखवत असेल त्या नव्या बायकोला, दोघं हसत असतील, असं ते कळल्यापासून मला वाटायचं. आता ह्या बाईनंही तसंच पदर पसरायचं? तेही माझ्या हातून? मला ते सोसलं नाही. मी टाइप केलं, ‘आई बरी आहे. तुला वेळ होईल तेव्हा लिही.’ आणि पाठवून दिलं.

“लिवलं का समदं?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं.

त्या ‘देव तुमचं भलं करो’ म्हणाल्या आणि गेल्या. मला तेव्हा वाईट वाटलं का? नाही वाटलं. उलट वाटलं, बाईची अब्रू राखली. थोडा टोमणा बसला तर बसू दे, अंगाला लागला तर लिहील. पुढच्या शनिवारी काही आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माझा होरा खरा ठरला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरंही वाटलं. मी धोंडाबाईंसाठी हळहळत होते, पण माझं बरोबर निघालं होतं.

रोजे सुरू होऊन दहा दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी मालक केबिनबाहेर येऊनच ओरडायला लागले. मस्कतच्या व्यापाऱ्यानं चारशे पंपांची मागणी दिली होती आणि तो फोनवर सांगत होता की तुमचं ऑफिस माझ्या मेल पंधरा दिवस परत पाठवतंय, धंदा करायचा नसेल तर तसं सांगा. मालकांनी माझ्यावर तोंड सोडलं. मी शपथेवर सांगितलं की एकही मेल आलेली नाही. दुपारी स्वरूप पुण्याहून आला. माझ्याच खुर्चीवर बसला आणि त्यानं मी कधी न पाहिलेली एक फाइल उघडली. दारातून परत पाठवलेल्या मेलची नोंद. एका ओळीत तारीख, वेळ, कुणाकडून, आणि शेवटी ‘नाकारली’. हजारो ओळी होत्या. तो व्यापाऱ्याचं नाव शोधत होता, मी मागे उभी राहून बघत होते.

मधेच एक ओळ सरकली. मी म्हटलं, थांबा, वर घ्या. दुकानाचा पत्ता होता.

मी त्याला दुकानाचा पत्ता टाकून शोधायला लावलं. सोळा ओळी आल्या. अठरा जून, पंचवीस जून, दोन जुलै, नऊ जुलै. सगळे शुक्रवार. एकही शुक्रवार चुकलेला नव्हता. तीस जुलैला दोन ओळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पंधरा शुक्रवार, सोळा पत्रं. शेवटची ओळ चोवीस सप्टेंबरची. त्यानंतर काही नाही. मी पुन्हा पुन्हा खाली बघितलं. चोवीस सप्टेंबरनंतर काही नव्हतं. पंचवीसला मी लिहिलं होतं.

मी स्वरूपला विचारलं की त्या दुकानदारानं काय घाण पाठवली होती. तो म्हणाला, त्यानं काही नसेल केलं. तिकडच्या इंटरनेट कंपनीची सगळी गिऱ्हाइकं चार-दोन यंत्रांतूनच बाहेर पडतात, त्यातल्या कुणीतरी घाण सोडली असेल, यादीवाल्यांनी नंबरांची अख्खी रांग चढवली. कुणी केलं आणि कुणी नाही, हे बघायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

“म्हणजे यादी चुकती?” मी विचारलं.

“चुकते कधीकधी. हजारात एखादी जाते चांगली,” तो म्हणाला. “हजारात एखादी म्हणजे काही वाईट नाही, बाई.”

मी विचारलं, ही पत्रं आता कुठं मिळतील? तो म्हणाला, कुठंच नाही, ती आत आलीच नव्हती. पाठवणाऱ्याला इंग्रजीत एक सूचना जाते की समोरच्यांनी घेतली नाही, बस. त्यानं व्यापाऱ्याचा नंबर वेगळा काढून ‘ह्यांना अडवू नका’ म्हणून लिहून ठेवला. मी म्हटलं, दुकानाचाही लिहा. तो म्हणाला, ते कोण? मी म्हटलं, आधी लिहा. माझ्या आवाजानं चिमाजीसुद्धा मान वर करून बघायला लागले.

मी तशीच कँटीनमध्ये गेले. धोंडाबाई कांदा चिरत होत्या. मी जमेल तसं सांगितलं की ऑफिसात एक यादी होती, तिनं गेनूची पत्रं दारातून परत पाठवली, पंधरा शुक्रवार तो लिहीत होता. त्यांनी विळी बाजूला सरकवली.

“म्हंजी त्यो लिवत व्हता?”

“व्हय. दर शुक्रवारी.”

“एक बी चुकला न्हाई?”

“एक बी न्हाई, मावशी.”

आणि ती बाई हसायला लागली. मी तिला चार वर्षांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं. कांद्याचे हात डोळ्यांना लावले आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना हसत होती. यादीला शिवी दिली नाही, मला बोलली नाही. पत्रांत काय होतं तेही विचारलं नाही. लिहीत होता, एवढंच तिला पुरलं. कँटीनच्या साऱ्या बायांना सांगितलं, गेटवर जाऊन रखमाजींना सांगून आली. मग माझ्याकडे आली आणि बोटांवर मोजून म्हणाली की दिवाळीला अजून सतरा दिवस आहेत, आता लिहा, येईल. ह्या वेळी मी तिच्या तोंडातला शब्द न शब्द टाइप केला. यादीचंही सगळं लिहिलं. सप्टेंबरातल्या माझ्या त्या ओळीबद्दल मात्र मी ना गेनूला लिहिलं, ना धोंडाबाईंना सांगितलं. ती हसत होती, आणि माझी छाती झाली नाही.

घरी रोजा सोडताना मी शाकिरला सांगितलं. मला वाटलं होतं, आता हा मला चिडवणार. त्यानं नुसता हातातला खजूर खाली ठेवला. त्यापेक्षा चार शब्द लावले असते तर परवडलं असतं.

शनिवारी सकाळी नऊला गेनूची मेल समोर होती. ऑफिसात मी एकटीच. वाचली.

‘आईस नमस्कार. तुझा निरोप वाचला. दुकानदार दर शुक्रवारी म्हणायचा, तिकडून परत आलं, घेत नाही म्हणतात. मला वाटलं, सही करू का विचारलं म्हणून तू रागावलीस. तरी लिहीत होतो. मग सप्टेंबरात तुमचं पत्र आलं, आई बरी आहे, तुला वेळ होईल तेव्हा लिही. त्यावरून समजलो की घरात माझी गरज उरली नाही. तीन तारखेला सही केली. आता दोन वर्षं कंपनी पासपोर्ट देत नाही. मी विचारून आलो, पाया पडलो, नाही म्हणाले. माझं चुकलं असेल तर माफ कर. गेनू.’

नऊ ते चार, सात तास होते माझ्या हातात. मला माहीत होतं की पत्रातली दोन वाक्यं काढली तर कुणाला पत्ता लागणार नाही. मी ती काढून बघितलीसुद्धा. ‘तरी लिहीत होतो. तीन तारखेला सही केली.’ कसं सरळ लागत होतं! सगळं यादीच्या माथी गेलं असतं. यादी परदेशातली, तिला कोण विचारणार होतं? धोंडाबाईंनी रडून घेतलं असतं आणि मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडले असते. सोळा पत्रं त्या यादीनं अडवली, हे सतरावं मी अडवणार होते, आणि मला तर समोरचा माणूस चांगला माहीत होता. मी ती वाक्यं परत जिथल्या तिथे घातली आणि कागद छापला.

चार वाजता धोंडाबाई आल्या. त्या दिवशी नवं लुगडं नेसून कामावर आल्या होत्या. मी वाचायला घेतलं. ती दोन वाक्यंही वाचली. शेवटपर्यंत वाचलं.

“सही केली,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “वेळ हुईल तवा लिही, असं म्या सांगितलं व्हतं?”

“न्हाई, मावशी.”

“मग कुणी लिवलं?”

“म्या.”

“का वं?”

अन्वर, अम्मी, अकरा पत्रं, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. त्यातलं काही सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, “मला वाटलं, त्यो तुमाला विसरला.”

“तुमाला वाटलं,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. माझ्या हातातून कागद घेतला, माझा न प्यालेला चहाचा कप उचलला आणि कँटीनकडे गेल्या. त्या दिवशी घरी जाताना त्या रोजच्यासारख्या माझ्या एसटीला थांबल्या नाहीत, कापूरहोळपर्यंत कुणाच्या तरी जीपमध्ये बसून गेल्या.

मला वाटलं, आता पत्रं बंद. किंवा आपल्यामागे मालकांकडे तक्रार होईल. तसं काही झालं नाही. ईद आणि दिवाळी त्या साली दोन दिवसांच्या अंतरानं आली. सुट्टी संपली आणि पहिल्या शनिवारी चार वाजता धोंडाबाई टेबलापाशी उभ्या होत्या. भांडण नाही, रुसवा नाही. मी वाचते, त्या ऐकतात. मी तारखेपासून वाचते, दुकानाच्या पत्त्यासकट. ऐकून झालं की त्या कागद घेतात आणि आवारातून सरळ गेटवर जातात. पलटणीत रखमाजींना हिंदी इंग्रजी अक्षरांत शिकवलेली, त्यामुळे गेनूचं पत्र त्यांना लागतं. ते चष्मा चढवतात आणि ओळीखाली बोट धरून तेच पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचतात. माझ्या खिडकीतून दोघं दिसतात.

उत्तराचंही तसंच. त्या सांगतात, मी टाइप करते, पण पाठवत नाही. आधी छापून त्यांच्या हातात देते. त्या गेटवर जातात. रखमाजी सावकाश वाचतात, मोठं असलं तर चांगली पंधरा मिनिटं लागतात. ऑफिसातले लोक बघत असतात, चिमाजी बघत असतात. मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवते आणि बसून राहते. वाचून झालं की रखमाजी गेटवरून माझ्या खिडकीकडे बघून हात वर करतात. मग मी मेल पाठवते.